दोन रकान्यांचा इतिहास

सन 2020 च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. टाळेबंदीला सहा महिने होत आले होते. भूमच्या बाजारपेठेत खव्याच्या भट्ट्या पुन्हा पेटू लागल्या होत्या, परंतु शाळांची कुलपे निघाली नव्हती. अशा एका संध्याकाळी अमेरिकेतील मेरिलँड राज्यात राहणाऱ्या माझ्या कन्येचा फोन आला. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. आता नातवालाही शिकवा. त्याची शाळा घरीच पडद्यावर भरते. आम्ही दोघेही कामात असतो, आणि तो इतिहासाला कंटाळला आहे." मी विचारले, "कोणता इतिहास?" ती म्हणाली, "अमेरिकेचा, सुरुवातीचा. वसाहती, क्रांती, राज्यघटना."

वाचकहो, तीस वर्षांहून अधिक काळ मी भूममध्ये माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे आणि परिणाम किती वेळा फळ्यावर लिहिले असतील, त्याची गणती नाही. पण ती लिहून घेणारी मुले चौदा-पंधरा वर्षांची असत आणि त्यांना परीक्षेची धास्ती असे. येथे विद्यार्थी नऊ वर्षांचा होता. तो दहा हजार कोसांवर असल्यासारखा दूर होता आणि कंटाळा आला की एक कळ दाबून वर्गाबाहेर जाऊ शकत होता. तरीही मी होकार दिला. दर शनिवारी आमच्याकडील संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला, आमचा वर्ग भरू लागला. शेजारच्या दोन मराठी कुटुंबांतील मुलेही त्यात येऊन बसू लागली. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली, तेव्हा आमची वेळ साडेसात झाली. घड्याळे मागे का जातात, हाच त्या दिवशीचा पहिला धडा ठरला.

पहिल्या वर्गात मी कोलंबसापासून प्रारंभ केला आणि दहाव्या मिनिटाला नातवाने जांभई दिली. दुसऱ्या शनिवारी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि स्वयंपाकघरातून एक हिरवी मिरची, मूठभर भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याचे एक कणीस आणून फोनसमोर मांडले. विचारले, "यांतील कोणती वस्तू आपल्या देशाची?" मुले एकमुखाने म्हणाली, "मिरची!" मग मी सांगितले की या तिन्ही वस्तू मूळ अमेरिका खंडातील आहेत. पोर्तुगीजांची जहाजे येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या जेवणाला तिखटपणा येई तो काळ्या मिरीचा. ठेच्याशिवाय भाकरी ही कल्पनाच करता येऊ नये अशा आमच्या मराठवाड्यात हे ऐकून मोठी माणसेही चकित होतात. तेथून मूळ रहिवाशांच्या शेतीकडे वळणे सोपे झाले. ते मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावीत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे आणि भोपळ्याची पाने जमिनीतील ओल धरून ठेवीत. आमच्याकडचा शेतकरी ज्वारीत तुरीच्या ओळी घेतो, त्यामागेही हेच शहाणपण आहे. 1620 साली 'मेफ्लॉवर' जहाजातून 102 प्रवासी प्लिमथला उतरले. त्यांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना मका कसा पेरावा हे तिस्क्वांटम नावाच्या मूळ रहिवाशाने शिकवले. त्याच माणसाला 1614 साली एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकण्यासाठी नेले होते आणि तेथील धर्मबंधूंनी त्याला सोडवले, असा उल्लेख सापडतो. "त्याला पळवले, आणि तरी त्याने मदत केली?" असे नातवाने विचारले. आता तो कंटाळलेला नव्हता.

तथापि खरी अडचण पुढे आली. एके दिवशी तो म्हणाला, "आजोबा, हे सगळे त्यांचे आहे. तेव्हा आपण कुठे होतो?" प्रश्न साधा होता, पण त्यात परक्या भूमीत वाढणाऱ्या मुलाचे सगळे एकटेपण होते. वर्गात इतरांचे पूर्वज जहाजातून उतरतात, लढतात, सह्या करतात. त्याचे पूर्वज त्या पुस्तकात कोठेच नसतात.

म्हणून मी एक मोठा कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने पाडले. डावा रकाना अमेरिकेचा, उजवा आपला. डावीकडे 1620 लिहिले, 'मेफ्लॉवर'. उजवीकडे त्याच्याही वर 1616 लिहावे लागले. त्या वर्षी फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे छापून निघाले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूचे मराठी ओवीतील महाकाव्य 'मेफ्लॉवर' निघण्यापूर्वी चार वर्षे मुद्रित झाले होते. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत पहिले इंग्रजी पुस्तक छापले गेले ते 1640 साली, म्हणजे त्यानंतर चोवीस वर्षांनी. पुढची नोंद 1630 ची. डावीकडे बोस्टन शहराची स्थापना, उजवीकडे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म. मुलांनी कागदावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे बोस्टन आणि शिवाजी महाराज एकाच वयाचे?" मी म्हटले, "होय, एकाच वयाचे."

यानंतर रकाने आपोआप भरू लागले, आणि एक गोष्ट माझ्याही नव्याने ध्यानात आली. इतकी वर्षे मी हे दोन इतिहास दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवले होते, पण त्यांतला व्यापारी एकच होता. 16 डिसेंबर 1773 रोजी बोस्टनच्या बंदरात 342 पेट्या चहा समुद्रात फेकला गेला. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्याच वर्षी 30 ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीसाठी धडपडणारे राघोबादादा अखेरीस त्याच कंपनीच्या दाराशी गेले. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी घेतली. 1775 च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला, तर एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. 1776 च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह, जुलैमध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. 1777 च्या ऑक्टोबरमध्ये साराटोगा येथे इंग्रज सेनापती शरण आला. 1779 च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांपुढे इंग्रज फौजेला तह स्वीकारावा लागला. 1782 साली सालबाईचा तह झाला, आणि 1783 साली पॅरिसच्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली. तिकडे बंडखोर अमेरिकनांनी आपल्या एका युद्धनौकेला म्हैसूरच्या हैदर अलीचे नाव दिले होते. इंग्रजांशी दुसरीकडे कोणी लढत आहे, याची त्यांना जाणीव होती.

मुलांना सर्वांत गंमत वाटली ती कॉर्नवॉलिसची. 1781 साली यॉर्कटाउनला वॉशिंग्टन आणि फ्रेंच यांच्यापुढे शरण गेलेला हा सेनापती त्यांच्या पुस्तकातून तेथेच नाहीसा होतो. मी त्याला उजव्या रकान्यात आणून उभा केला. 1786 मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला आणि 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजा त्याच्याच बाजूने उभ्या होत्या. "आपण त्याला मदत केली?" नातवाच्या स्वरात निराशा होती. मी म्हटले, "केली. आणि पुढे त्याचे फळही भोगले."

त्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मला मोटारसायकलवरून खर्ड्याला घेऊन गेला. खर्डा जामखेड तालुक्यात असले तरी भूमपासून फार लांब नाही. 11 मार्च 1795 रोजी त्याच परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेऊन शेवटी तह केला. फोनचा कॅमेरा तटावरून फिरवत मी मुलांना सांगितले, "हे घडले तेव्हा तुमच्याकडे जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते." तट पाहून नातू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, तिथली माती दाखवा." मी दाखवली.

येथवरचा इतिहास आनंदाचा होता. पुढचा भाग मी मेरिलँडसाठी राखून ठेवला होता, कारण मुले तेथेच राहत होती. आपल्या वाचकांना ठाऊक असेल की मेरिलँड ही इंग्लंडमधील छळाला कंटाळलेल्या कॅथॉलिकांना आसरा मिळावा म्हणून लॉर्ड बाल्टिमोर यांनी वसवलेली वसाहत. 'आर्क' आणि 'डव्ह' ही दोन जहाजे 1634 च्या मार्चमध्ये तेथे पोहोचली, आणि 25 मार्चला फादर अँड्र्यू व्हाइट यांनी मिस्सा अर्पण केली. त्यांच्यासोबत कराराने बांधलेला एक नोकर होता. कागदोपत्री मिश्रवंशीय म्हणून नोंदलेल्या त्या माणसाचे नाव होते मथायस डी सूझा. वसईत किंवा गोव्यात दर दुसऱ्या आळीत ऐकू येणारे आडनाव तेथे 1634 साली उतरले होते! कराराची मुदत संपल्यावर 1642 साली हाच डी सूझा वसाहतीच्या विधिमंडळात बसला. 1649 साली ख्रिस्ती पंथोपपंथांना सहिष्णुता देणारा कायदा झाला. पुढे सत्ता पालटली आणि त्याच मेरिलँडमध्ये कॅथॉलिकांना मताचा व पदाचा अधिकार राहिला नाही. या पार्श्वभूमीवर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर चार्ल्स कॅरल यांची सही आहे. सही करणाऱ्यांत ते एकटेच कॅथॉलिक होते. त्यांचे चुलतबंधू जॉन कॅरल हे 1789 साली बाल्टिमोरचे, म्हणजेच त्या देशाचे पहिले बिशप झाले. हे सारे मी अभिमानाने सांगितले.

आणि मग शेजारच्या मुलीने विचारले, "आजोबा, त्यांच्याकडेही गुलाम होते का?"

होते. चार्ल्स कॅरल यांच्या मळ्यांवर शेकडो गुलाम होते. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. 1787 च्या राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामाची मोजणी तीनपंचमांश माणूस म्हणून झाली. इतकेच नव्हे, तर मेरिलँडच्या येशूसंघीयांच्या मळ्यांवरही गुलाम राबत. 1838 साली त्यांपैकी 272 जणांची, बायकामुलांसह, लुइझियानातील मळेवाल्यांना विक्री झाली, आणि त्या पैशातून जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाचे कर्ज फिटले. मला हे माहीत होते. क्षणभर मनात आले की सांगू नये. मुले नऊ-दहा वर्षांची, रविवारी मिस्सेला जाणारी. त्यांच्या मनात आपल्याच धर्मगुरूंविषयी किल्मिष कशाला निर्माण करावे? नेटवर्क गेल्याचे निमित्त करून फोन बंद करणे सोपे होते. भूमला त्यावर कोणी अविश्वास ठेवला नसता!

पण मी सांगितले. विक्रीच्या वेळचे हाल, जहाजाचा तळ, चाबूक यांचे वर्णन केले नाही. लहान मुलांना भीती दाखवून सत्य कळत नाही. मी त्यांना एकच नाव दिले. विकल्या गेलेल्यांच्या यादीत पहिले नाव आयझॅक असे होते. 2017 साली त्या विद्यापीठाने आणि येशूसंघाने त्यांच्या वंशजांसमोर उभे राहून क्षमा मागितली आणि विक्रीची व्यवस्था करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची इमारत आता आयझॅक हॉकिन्स यांच्या नावाने ओळखली जाते. मी डाव्या रकान्यात लिहिले: 1838, आयझॅक आणि आणखी 271.

नातवाने कागद नीट पाहिला. म्हणाला, "आजोबा, समोर काहीच नाही. आपल्याकडे कोणी असे वाईट केले नाही का?"

त्या प्रश्नाने मी गप्प झालो. उजव्या रकान्यात लिहिण्यासारखे पुष्कळ होते. पहिली नोंद मला लगेच सुचली, कारण ती दोन्ही रकान्यांना जोडणारी होती. जोतीराव फुले यांनी तरुणपणी शिवाजी व वॉशिंग्टन यांची चरित्रे वाचली, 1847 च्या सुमारास टॉमस पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले, आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिले ते अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचा धडा आपल्याकडे सर्वांत खोलवर घेतला तो जोतीरावांनी, आणि तो घेताना त्यांनी बोट दाखवले ते आपल्याच समाजाकडे. जातीने माणसाला पाण्यापासून आणि अक्षरापासून दूर ठेवले, हे मी उजव्या रकान्यात लिहिले.

परंतु दुसरी नोंद मला त्या दिवशी लिहिता आली नाही. ती माझ्याच जिल्ह्याची होती. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. माध्यमिक शिक्षण उर्दूतून होई. 1921 साली हिप्परग्याला निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारखे प्रयत्न तुरळक होते. पुढे रझाकारांनी जे अत्याचार केले, गावे लुटली, माणसे मारली, ते आम्ही लहानपणापासून ऐकले, आणि ते खरेच आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून भारतीय सेना आली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला आणि 17 सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाले. हा मुक्तिसंग्राम मी दरवर्षी अभिमानाने शिकवला. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले, ते मी कधीच शिकवले नाही. त्याच वर्षी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारने पाठवलेल्या समितीने जे नोंदवले, ते दशकानुदशके प्रसिद्ध झाले नाही. निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. समितीचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता, आणि ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली त्यांत उस्मानाबाद होता. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी ज्या हिंदूंनी स्वतःचे प्राण धोक्यात घातले, त्यांचीही नोंद त्याच अहवालात आहे.

माझ्या मूळ गावी, नाव लिहीत नाही, आमच्या घरासमोर एक घर होते. माझ्या आठवणीत ते कायम बंदच. कोणाचे, असे विचारले की आई म्हणे, "होते एकांचे." आणि चुलीकडे वळे. मी इतिहासाचा पदवीधर झालो, शिक्षक झालो, निवृत्त झालो. त्या घराविषयी दुसरा प्रश्न मी कधी विचारला नाही. मेरिलँडमधील धर्मगुरूंचे पाप नातवाला सांगायला मला काही मिनिटांचे धैर्य लागले. स्वतःच्या गल्लीविषयी बोलायला बहात्तर वर्षे पुरली नव्हती.

मार्च 2021 मध्ये बातमी आली की अमेरिकेतील येशूसंघीयांनी विकल्या गेलेल्यांच्या वंशजांसाठी दहा कोटी डॉलर्स उभे करण्याचे वचन दिले आहे. मुलांनी ती मला आनंदाने वाचून दाखवली. त्याच शनिवारी मी कागदाच्या उजव्या बाजूला 1948 लिहिले. रझाकारांनी काय केले ते सांगितले, सेना आल्याचा आनंद सांगितला, आणि मग समोरचे बंद घर सांगितले. आकडे सांगितले नाहीत. ज्यांनी शेजाऱ्यांना लपवले त्यांच्याविषयी मात्र सांगितले. मुलांनी शांतपणे ऐकले. नातवाने एवढेच विचारले, "त्या घरात मुले होती का?" मी म्हटले, "असतील." आईला हे विचारायला हवे होते, हे त्या क्षणी मला कळले.

पडद्यावरचा हा वर्ग माझ्यासाठी सोयीचा होता, पण त्याची मर्यादाही मला घराबाहेर पडताच दिसे. त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना त्यांनी जोडलेल्या क्यूआर संकेतांमुळे खेड्यातले मूल पानावरून थेट चित्रफितीपर्यंत पोहोचू शकले. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' मालिका दाखवली जात होती. तरीही ज्या घरात एकच फोन आहे आणि तो कामावर गेलेल्या बापाच्या खिशात आहे, त्या घरच्या मुलापर्यंत हे कसे पोहोचणार? ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलांची तर गोष्टच वेगळी. माझा नातू मेरिलँडमधून खर्ड्याचा तट पाहत होता, आणि माझ्या ओसरीसमोर खेळणाऱ्या मुलांना तो कोणी दाखवला नव्हता.

म्हणून तो कागद मी ओसरीच्या भिंतीवर लावला. मुखपट्ट्या बांधून, अंतर ठेवून पाच-सहा मुले संध्याकाळी बसू लागली. मिरचीपासूनच सुरुवात केली. शनिवारी फोन त्यांच्याकडे वळवला की दोन देशांची मुले एकमेकांना प्रश्न विचारीत. भूमच्या एका मुलीने मेरिलँडच्या मुलांना विचारले, "तुमच्याकडे ज्वारी नाही, तर भाकरी कशाची करता?" इतिहासाचा वर्ग त्या दिवशी भूगोलात गेला, आणि मी त्याला जाऊ दिले.

आपल्या कुटुंबांत आज कोणाचे नातू कॅनडात आहेत, कोणाचे आखाती देशांत, कोणाचे इंग्लंडमध्ये. त्यांना त्या देशाचा इतिहास शिकावा लागेल, आणि तो शिकवण्यात आजीआजोबांचा उपयोग काय, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव असा की उपयोग मोठा आहे, मात्र एक अट आहे. डावा रकाना भरताना उजवा भरण्याची तयारी ठेवावी लागते. दुसऱ्याच्या पूर्वजांचे दोष सांगणारा आणि स्वतःच्या पूर्वजांचे झाकणारा शिक्षक मुले फार लवकर ओळखतात.

तो कागद अजून माझ्या ओसरीत आहे. उन्हाने त्याची शाई फिकी झाली आहे. उजव्या रकान्यात 1948 च्या खाली मी मुद्दाम जागा सोडली आहे. भूमची मुले मोठी होतील तेव्हा ती जागा त्यांनी भरावयाची आहे.